एकोणीस मुलांची उंची

१. चौथी वही

कपाट उघडलं तेव्हा आत तीनच वह्या होत्या. डॉक्टर गिरीराज यांनी खालचा कप्पा चाचपला, वरचा चाचपला, सगळ्या फायली बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. चौथी वही कुठेच नव्हती.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "जाताना पुरावाच घेऊन गेली. आता आणखी काय चौकशी करायची?"

ज्या मुलीबद्दल ते बोलत होते ती, पवित्रा, अकरा दिवसांपूर्वी के. आर. पुरमच्या पुलाजवळ पाण्याच्या टँकरखाली सापडून मेली होती. वय सव्वीस. आदल्याच दिवशी संस्थेने तिला कामावरून थांबवलं होतं.

कस्तुरीबाई खुर्चीत शांत बसून होत्या. बेळगावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून झाल्यावर त्या मुलाकडे, के. आर. पुरमला राहायला आल्या होत्या. महादेवपुऱ्यातल्या या बालपोषण संस्थेच्या नीतिसमितीवर नियमाप्रमाणे एक साधा नागरिक लागतो. तो डॉक्टर नको, शास्त्रज्ञ नको, नुसता शहाणा माणूस हवा. ती जागा त्यांची. एरवी त्यांचं काम म्हणजे तीन महिन्यांतून एकदा बैठकीला येणं, संमतीचा कागद पालकांना कळेल असा लिहिलाय का ते बघणं आणि इडली खाऊन घरी जाणं. या वेळी मात्र समितीने चौकशीच त्यांच्यावर सोपवली होती. म्हातारी बाई फार खोलात जाणार नाही, असा बहुधा हिशोब असावा.

प्रकरण असं होतं. चार केंद्रांतल्या बांधकाम मजुरांच्या लहान मुलांना नाचणी आणि शेंगदाण्याचं पीठ नऊ महिने द्यायचं आणि दर तीन महिन्यांनी त्यांची उंची मोजायची, असा हा अभ्यास. सगळी मोजमापं पवित्राने केली आणि दर खेपेची वेगळ्या वहीत लिहिली. पीठ खाणारी मुलं जास्त वाढली असा निष्कर्ष निघाला आणि लेख छापून आला. पण ज्या न्यासाने पैसा दिला त्याची अट होती, की लेख कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे आणि ज्या मोजमापांवर तो उभा आहे ती मूळ मोजमापंही इंटरनेटवरच्या सार्वजनिक साठ्यात ठेवली पाहिजेत. मुलांची नावं काढायची, क्रमांक घालायचे, बाकी आकडा न आकडा उघडा. ज्याला शंका येईल त्याने तपासावं.

आणि एकाने तपासलं. दूर देशातल्या कुणा वाचकाने न्यासाला कळवलं, की तिसऱ्या केंद्रातल्या एकोणीस मुलांची शेवटची उंची मोजलेली वाटत नाही, रचलेली वाटते. एक मूल सोडलं तर सगळी तीन महिन्यांत जवळजवळ सारखीच वाढली आहेत, आणि मुलं अशी वाढत नाहीत.

न्यासाला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर हवं होतं. मसुदा तयार होता. त्यात लिहिलं होतं, की हे आकडे पवित्राने घरी बसून रचले.

आज बुधवार होता.

बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा बाकावर बसलेला एक उन्हाने रापलेला म्हातारा उठून उभा राहिला.

"मी मल्लाप्पा. पवित्राचा बाप. निपाणीकडनं आलोय."

"बसा अण्णा."

तो बसला नाही. "ते पत्र तेवढं जाऊ देऊ नका, बाई. पोरगी काय परत येत न्हाई. पण गावात म्हणत्यात, लबाडी पकडली म्हणून टँकरखाली उडी मारली. आता ह्यांनी कागदावर लिवलं की ते कायमचं खरं झालं. माझी पोरगी खोटं लिवायची न्हाई."

"शाळेत मला भेटायला येणारा प्रत्येक बाप हेच म्हणायचा," बाई म्हणाल्या.

मल्लाप्पाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मग त्यातला एखादा तरी खरा असंल की."

२. भरलेला वर्ग

त्या रात्री जेवणाआधीच बाईंनी मुलाला, अजितला, तो साठा संगणकावर उघडून तिसऱ्या केंद्राची पानं छापायला लावली.

"पासवर्ड वगैरे काही नाही?" अजित म्हणाला. "आई, हे कुणीही बघू शकतं?"

"तीच तर अट आहे. म्हणून तुझ्या आईलाही बघता येतंय."

"फिल्टर लावून देऊ का एक्सेलमध्ये?"

"पट्टी दे."

पट्टी धरून त्या एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. साठ मुलं, चार वेळा मोजमाप. पहिली तिन्ही मोजमापं ओबडधोबड होती. कुणी एका सेंटिमीटरने वाढलेलं, कुणी अडीचने, एखादं अजिबातच नाही. कुठे आकड्याऐवजी 'आजारी' किंवा 'रडतो, उभा राहत नाही' असंही लिहिलेलं. शेवटच्या मोजमापात मात्र साठपैकी साठ आकडे होते.

इथे बाईंची पट्टी थांबली. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो वेळा हजेरी घेतली होती आणि साठपैकी साठ मुलं एकदाही पाहिली नव्हती. कुणाला गोवर, कुणाची आत्या आलेली, कुणाला बापाने दुकानावर बसवलेलं. ज्या हजेरीपटावर एकही गैरहजेरी नाही तो वर्गात बसून भरलेला नसतो.

आणखी एका ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने गोल केला. संशयातल्या त्या एकोणीस मुलांपैकी अठरा जण दीड ते दोन सेंटिमीटरने वाढले होते. फटकून वागलं होतं ते एकच, क्रमांक एकेचाळीस. त्याची तिसरी उंची ८४.६ आणि चौथी ८८.१. साडेतीन सेंटिमीटर. रचायचेच होते आकडे, तर रचणाऱ्याने हा एवढा वेगळा का रचला?

गुरुवारी सकाळी त्या रिक्षाने तिसऱ्या केंद्रावर गेल्या. एका अर्धवट उंच इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती आणि टोकाला अंगणवाडी. मदतनीस भागुबाई चिक्कोडीकडची. मराठी ऐकून तिचा चेहरा खुलला आणि पवित्राचं नाव निघताच पडला.

"साठ मुलं?" ती म्हणाली. "कुठली साठ, अक्का? मे महिन्यात पलीकडच्या साइटचं काम संपलं. मुकादमानं एका सकाळी टेम्पो आणला, भांडीकुंडी चढवली आणि गेली सगळी. एकोणीस पोरं गेली माझी. एका पोरीचा तर फ्रॉक दोरीवर वाळत राहिला."

"पवित्राला माहीत होतं?"

"तिला माहीत नसंल तर कुणाला? होसकोटेपतुर शोधत गेली हो ती, स्कूटर घेऊन. सापडली न्हाईत. थांबा, दावते."

भागुबाईने फळीवरून पिठाच्या वाटपाची वही काढली. दर आठवड्याला कुणाला किती पाकिटं दिली ते तिने लिहायचं आणि खाली पवित्राने सही करायची, अशी पद्धत. मे महिन्याच्या पानावर एकोणीस नावांवर आडवी रेघ होती. प्रत्येक रेघेपुढे पवित्राच्या हातचं लिहिलेलं, 'कुटुंब गेले, पत्ता नाही', तारीख आणि सही.

बाईंनी ते पान तीनदा वाचलं. जी मुलं गेली म्हणून पवित्राने मे महिन्यात सही केली, तीच जूनमध्ये संस्थेच्या कागदावर भिंतीला टेकून उभी होती. पवित्राला घरी बसून आकडे रचायचेच असते, तर तिने समोर असलेल्या मुलांचे रचले असते. नसलेल्या मुलांना तिने कशाला उभं केलं असतं, आणि तेही त्यांच्या जाण्यावर स्वतः सही केल्यावर? हे काम अशा माणसाचं होतं, ज्याने हे पान कधी पाहिलं नव्हतं.

असा माणूस संस्थेतच बसला होता. प्रश्न एवढाच, की कुठल्या टेबलाशी?

३. तीन टेबलं

वहीतले आकडे संगणकात भरणारा तनय पुण्याचा होता. कोरमंगलाच्या एका पीजीत राहायचा. बाईंना पाहून तो पटकन उठला.

"मॅम, जूनमध्ये मी नव्हतोच. डेंगी झाला होता, नऊ दिवस ॲडमिट. रिपोर्ट आहेत माझ्याकडे. चौथी वही सर आणि श्वेता मॅमनी वाटून भरली. कुणी कुठलं केंद्र घेतलं, मला खरंच माहीत नाही. पब्लिक साठ्यावर मी फक्त तयार फाइल चढवली."

"बरं. आता हे मूल बघ. क्रमांक एकेचाळीस."

तनयने पान पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "हे माझं पाप आहे. मार्चमध्ये तिसरं मोजमाप भरताना मी ८४.६ च्या जागी ८६.४ टाइप केलं होतं. पवित्राने एप्रिलच्या सुरुवातीला पकडलं. असली झापली मला! म्हणाली, 'तनय, हे एक पोर तुला स्वल्प उंच करून हवंय का?' मी लगेच माझा तक्ता दुरुस्त केला."

"दुरुस्तीच्या आधी तो तक्ता कुणाकडे गेला होता?"

"दोघांकडे. सरांना आढावा बैठकीसाठी छापून दिला होता. श्वेता मॅमना मेल केला, गणिताची तयारी करायला. नंतर दोघांनाही दुरुस्त तक्ता दिला."

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात एक बेरीज मांडली. ८४.६ नव्हे, ८६.४. त्यात १.७ मिळवले की ८८.१. म्हणजे हे मूलही बाकीच्या अठरांसारखंच वाढलं होतं, फक्त चुकीच्या पायरीवरून. आकडे रचणाऱ्याच्या हातात दुरुस्तीपूर्वीचा तक्ता होता.

परीक्षेत दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी असली की कुणी कुणाचं पाहिलं ते कळतं, हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

श्वेता नागपूरची, तिशीतली, संस्थेची सगळी गणितं तीच करायची. पवित्राचं नाव काढताच तिचे डोळे भरून आले.

"अक्का म्हणायची मला, काकू. डब्यातली शेंगाचटणी रोज माझ्यासाठी आणायची."

"तिसरं केंद्र कुणी भरलं?"

"सरांनी. मी पहिलं आणि दुसरं भरलं."

"मार्चचा जुना तक्ता तुझ्याकडे आला होता ना?"

"आला असेल. मी उघडला नाही. माझं सगळं काम नव्या तक्त्यावर झालं."

डॉक्टर गिरीराज यांनी घड्याळाकडे बघत उत्तर दिलं. "तिसरं केंद्र? श्वेताने. मी फक्त शेवटचं, चौथं भरलं. मॅडम, प्रामाणिकपणे सांगतो, या चौकशीने काय साधणार? मुलगी गेली. तिला आता नोकरी नको, बढती नको. इथे मात्र पंचवीस माणसांची चूल न्यासाच्या पैशावर पेटते."

"म्हणजे तिचं नाव घालणं सगळ्यांत स्वस्त पडतं."

त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

बाई व्हरांड्यात आल्या. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. कपाटाची किल्ली दोघांच्याही हाताला लागायची. जुना तक्ता दोघांकडेही होता, आणि लेखावर नाव दोघांचंही. बाकावरून मल्लाप्पाने नुसत्या नजरेने विचारलं.

"उद्या," बाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना स्वतःलाच पोकळ वाटला.

४. लाल शाई

शुक्रवारी दहा वाजता त्यांनी डॉक्टर गिरीराज यांच्याकडे आढावा बैठकीची फाइल मागितली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तुमचा संशय माझ्यावर आहे."

"जुना तक्ता तुमच्याकडे छापलेला आहे. तो मला बघायचाय."

त्यांनी फाइल पुढे सरकवली आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पानं टोचून घट्ट बांधलेली होती. बाईंनी तिसऱ्या केंद्राचं पान काढलं, पट्टी ठेवली आणि क्रमांक एकेचाळीसपर्यंत आल्या.

तिथे ८६.४ वर लाल शाईची काट होती. वर सुबक अक्षरात ८४.६ लिहिलेलं. समासात पवित्राची सही आणि तारीख, चार एप्रिल.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर जवळ आले, पाहिलं आणि खाली बसले. "हो... आली होती ती. म्हणाली, सर, तुमच्या प्रतीतही दुरुस्त करते, नाहीतर चूक तुमच्यापाशी राहील. मी वैतागलो होतो. एका मुलाच्या दोन सेंटिमीटरसाठी माझी बैठक थांबवली म्हणून."

बाईंनी पट्टी उचलली. जूनमध्ये या कागदावरून आकडे रचणाऱ्याला ८४.६ च दिसलं असतं. तनयचा तक्ता एप्रिलमध्येच दुरुस्त झाला होता. चूक जशीच्या तशी जिवंत असलेली प्रत आता एकच उरली होती, आणि ती आपण उघडलीच नाही असं एकीने सांगितलं होतं.

"श्वेताला बोलवा," बाई म्हणाल्या.

श्वेता आली. बाईंनी तिला समोर बसवलं आणि वर्गात एखादं उदाहरण फोडून सांगावं तसं शांतपणे सगळं सांगितलं. पिठाची वही, गेलेली एकोणीस मुलं, जुना आकडा, लाल काट. शेवटी म्हणाल्या, "तुझा लॅपटॉप आण. मार्चचा तक्ता शेवटचा कधी उघडला ते बघू. नाहीतर तूच सांग."

श्वेता लॅपटॉप आणायला उठली नाही.

"मी फसवायला नव्हतं केलं, काकू," ती म्हणाली. "काही मुलं मध्येच गेली की त्यांचे आकडे अंदाजाने भरायची पद्धत असते. ती चुकीची नाही."

"तसं लेखात लिहिलं तर."

"लिहिणारच होते. तिसरं केंद्र मीच भरलं, तेव्हा त्या एकोणीस जागा रिकाम्याच ठेवल्या होत्या. माझं गणित मार्चच्या तक्त्यावर आधीच मांडलेलं होतं, त्यातूनच मी अंदाज काढले. निकाल छान आला. सर म्हणाले, पाठवून द्या. एक ओळ राहिली लिहायची. मग लेख स्वीकारला गेला आणि न्यासाने मूळ मोजमापं मागितली."

"रिकाम्या जागा रिकाम्या ठेवायच्या होत्या."

"मग निकालच उभा राहत नव्हता. खरी मोजलेली मुलं तेवढीच घेतली, तर पिठाने काहीच फरक पडत नाही. म्हणून तनयच्या तक्त्यातल्या एकोणीस रिकाम्या जागी मी माझे अंदाज बसवले. कुणी उघडून बघेल असं वाटलं नव्हतं."

"वही?"

"रोज चार पानं फाडून ओल्या कचऱ्यात टाकली. सुक्या कचऱ्यातले कागद बायका निवडतात."

डॉक्टर गिरीराज यांनी डोळे मिटून घेतले. बाईंचा शेवटचा प्रश्न राहिला होता आणि तो विचारायला त्यांना जड गेलं.

"तिला थांबवलं त्या दिवशी ती तुझ्याशी बोलली?"

"संध्याकाळी फोन आला होता." श्वेताचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणाली, अक्का, चौथी वही बघा, एकोणीस जागा मी कोऱ्या सोडल्यात, तेवढं सरांना दाखवा. मी म्हटलं, सकाळी लवकर ये, दोघी मिळून दाखवू."

"वही होती का तेव्हा?"

"नाही. चार दिवस आधीच संपली होती."

सकाळी लवकर म्हणून पवित्रा निघाली होती. टँकरखाली उडी मारायला नव्हे, तर नसलेली वही दाखवायला.

५. पाचच्या आत

दुपारी डॉक्टर गिरीराज यांनी नवं पत्र लिहिलं. त्यात शब्द होते, 'नोंदींमध्ये काही त्रुटी राहिल्या'. बाईंनी ते परत दिलं.

"मॅडम, संस्थेचं नाव..."

"मेलेल्या मुलीचं नाव लिहिताना तुमचा हात अडला नव्हता. कुणी, काय, केव्हा केलं ते लिहा. आणि सही करण्याआधी तुम्ही काय तपासलं नाहीत तेही लिहा."

पावणेपाचला पत्र गेलं. लेख मागे घेतल्याचं कळवलं गेलं. सार्वजनिक साठ्यात एकदा ठेवलेलं काही पुसता येत नाही, पण त्यावर नवी प्रत ठेवता येते. तनयने ती ठेवली. एकोणीस जागा रिकाम्या, आणि वर खुलासा, की मोजमापं पवित्रा मल्लाप्पा यांनी केली, ही मुलं स्थलांतरित झाल्याची नोंद त्यांनी वेळेवर केली होती, आणि खोटे आकडे त्यांच्या माघारी दुसऱ्या व्यक्तीने घातले. इंग्रजीखाली तोच मजकूर बाईंनी कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून दिला होता.

मल्लाप्पाला आत बोलावलं. ती सकाळी कशासाठी निघाली होती, ते बाईंनी त्याला आधी सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग संगणकाच्या पडद्याजवळ वाकून मुलीचं नाव वाचलं, बोट न लावता.

"हे कुणालाबी दिसतंय?"

"कुणालाही," तनय म्हणाला. "जगात कुठूनही. पैसे नाही लागत."

"आमच्या गावच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला?"

"त्यांनाही. फोनवरसुद्धा."

मल्लाप्पाने खिशातून जुना बटणांचा फोन काढला आणि नंबर लावून तनयच्या हातात दिला. "त्याला सांगा कसं उघडायचं ते."

तनयने पत्ता सांगितला, दोनदा सांगितला, शेवटी संदेश म्हणून पाठवला. मग मल्लाप्पाने फोन परत घेतला.

"दिसलं काय?"

पलीकडून खरखरता आवाज आला. "दिसलं, मल्लाप्पा. वाचतोय."

"मनात नको वाचूस," मल्लाप्पा म्हणाला. "मातीला आलेल्या माणसांसमोर माझ्या पोरीला लबाड बोलला होतास तू. आता सोसायटीच्या कट्ट्यावर जा. माणसं बसली असतील. त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. मी ऐकतोय."